गाळ्यातला सर्व्हर कोणत्या डेटाबेसवर?

वसईतल्या वालीव, सातिवली, गोखिवऱ्याच्या छोट्या कारखान्यांनाही ऑर्डरींचं वेळापत्रक सांभाळावं लागतं. पण त्यासाठीचा मायक्रोसॉफ्टचा प्रोजेक्ट सर्व्हर एसक्यूएल सर्व्हर या विकतच्या डेटाबेसशिवाय चालत नाही, त्यामुळे खर्च वाढतो.

याच कामासाठी २००६ साली आलेला रेडमाइन मात्र मोफत आहे. तो पोस्टग्रेस, मायएसक्यूएल किंवा एसक्यूलाइटवरही चालतो. एसक्यूलाइट एका फाइलीत मावतो, पण एका वेळी एकालाच लिहू देतो. अनेकजण एकदम नोंदी बदलू लागले की खोळंबा होतो. तिथे पोस्टग्रेसच सरस. बदललेल्या प्रत्येक नोंदीसाठी निर्देशसूची (इंडेक्स) पुन्हा लिहिणं बरेचदा टाळणारी सोय त्यात २००८च्या ८.३ आवृत्तीत आली आणि ती घडवण्यात पुण्याच्या एका अभियंत्याचा मोठा वाटा होता, ही अभिमानाची गोष्ट!

रेडमाइनसारख्याच ओपनप्रोजेक्टने तर २०१९मध्ये मायएसक्यूएलची साथच सोडली. अशा वेळी डेटाबेस बदलावा लागतो; म्हणून बदलण्याआधी बॅकअप घ्या आणि तो उघडतो का, हेही तपासा.