औषधाची पारख आणि आपला सहभाग



व्यापाऱ्यास पारख शिकवावी लागत नाही. नमुना पाहिल्यावाचून तो मालाचा सौदा करीत नाही. परंतु जे औषध आपण नित्य घेतो, त्याची पारख कशी झाली याची विचारपूस आपण क्वचितच करतो. ही पारख अखेर मनुष्यदेहावरच करावी लागते. मधुमेह, रक्तदाब, दमा हे दीर्घकाळ सोबत करणारे विकार बैठ्या धंद्याच्या आपल्या घरांना अपरिचित नाहीत. अशा घरी एखादे दिवशी डॉक्टर विचारतील, "नव्या औषधाच्या चाचणीत भाग घ्याल काय?" भेस्तानसारख्या ठिकाणी राहणाऱ्या आपणांस त्या वेळी विचारपूर्वक उत्तर देता यावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

अशा चाचणीने काय साधते, याचे उत्तम उदाहरण आपल्याच देशात घडले. पूर्वी क्षयरोग जडला म्हणजे ज्याची ऐपत असे तो घर आणि पेढी सोडून मिरज किंवा पाचगणी येथील आरोग्यभुवनाची वाट धरी. गरिबास तीही सोय नसे. १९५६ साली मद्रास येथे, म्हणजे आजच्या चेन्नईत, क्षयरोग उपचार केंद्र निघाले. तेथे १९३ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट पाडण्यात आले. एक गट आरोग्यभुवनात राहिला, दुसरा आपल्या दाटीच्या घरीच. औषधे दोघांस तीच. विश्रांती, आहार व शुश्रूषा ही आरोग्यभुवनात अधिक चांगली होती. तरीही वर्षअखेरीस घरच्या गटातील शेकडा ८६ आणि आरोग्यभुवनातील शेकडा ९२ रुग्णांचा रोग शमला. घरी राहिलेल्यांच्या कुटुंबीयांस अधिक लागण झाल्याचेही आढळले नाही. १९५९ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि घरी राहून क्षयावर उपचार घेण्याचा मार्ग जगभर मोकळा झाला. त्या १९३ जणांचे ऋण आज असंख्य कुटुंबांवर आहे.

तथापि एक भेद ध्यानी ठेवावा. चाचणी म्हणजे हमखास उपचार नव्हे. कोणास नवे औषध मिळावे आणि कोणास जुने अथवा निष्प्रभ गोळी, हे बहुधा चिठ्ठीनेच ठरते आणि पुष्कळदा ते रुग्णास किंवा डॉक्टरासही ठाऊक नसते. मनाचा कौल निष्कर्षात मिसळू नये, हे त्याचे कारण होय. म्हणून लाभ होईलच असे कोणी सांगू शकत नाही. अपाय होण्याचाही संभव असतो.

याकरिताच कायद्याचे संरक्षण आहे. २००९ पासून औषधाच्या प्रत्येक चाचणीची सरकारी नोंदवहीत आगाऊ नोंद सक्तीची आहे. २०१९ च्या नियमांनुसार नीतिसमितीच्या मान्यतेवाचून चाचणी सुरू करता येत नाही. त्या समितीत किमान सात सभासद असतात. त्यांत वैद्यकाबाहेरचा सामान्य नागरिक व कायद्याचा जाणकारही असावा लागतो. चाचणीमुळे इजा झाल्यास उपचार विनामूल्य मिळतात व भरपाईही द्यावी लागते.

सही करण्यापूर्वी संमतिपत्र आपणांस समजणाऱ्या भाषेत मागून घ्यावे, घरी आणून वडीलधाऱ्यांसह वाचावे आणि पुढील प्रश्न निःसंकोच विचारावेत: माझे चालू औषध बंद होईल काय? किती वेळा यावे लागेल? प्रवासखर्च कोण देईल? रात्री त्रास झाल्यास कोणास कळवावे? चाचणी संपल्यावर औषध मिळेल काय? जे उपवास करतात त्यांनी ते आधीच सांगावे. मधुमेहात ही गोष्ट लपविणे धोक्याचे आहे. कॅप्सूलचे आवरण प्राणिज आहे काय, हेही विचारण्यात गैर काही नाही. सही केलेल्या पत्राची प्रत आपल्यापाशी ठेवावी. चाचणीतून केव्हाही बाहेर पडण्याचा अधिकार आपणांस आहे आणि त्यामुळे नेहमीचे उपचार नाकारले जाऊ शकत नाहीत.

शेवटी मालक या नात्याने एक कर्तव्य. आपल्या गुमास्त्यास किंवा कामगारास असे विचारण्यात आले, तर त्याने होकार द्यावा म्हणून भिडेचा शब्द टाकू नये आणि नकार द्यावा म्हणून नोकरीचे भयही दाखवू नये. त्याने स्वखुशीने होकार दिल्यास तपासणीच्या दिवशी पगारी रजा द्यावी. देह ज्याचा, निर्णय त्याचाच. समजून दिलेला होकार आणि समजून दिलेला नकार, दोन्ही सारखेच आदरणीय होत.