पस्तीस अंशांपलीकडचा लॅपटॉप

मोठ्या पडद्याच्या, ताकदवान आणि महागड्या लॅपटॉपच्या तपशिलांत अगदी शेवटी एक ओळ असते. ती सहसा कुणी वाचत नाही. ॲपलच्या १६ इंची मॅकबुक प्रोसाठी ती ओळ सांगते की वापरताना भोवतालचं तापमान १० ते ३५ अंश सेल्सिअस असावं आणि यंत्र नुसतं ठेवायचं झालं तरी ४५ च्या वर जाऊ नये. बारामती-इंदापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याखालच्या दुकानात किंवा स्टुडिओत दुपारी तो बाहेरच्याहूनही चढलेला असतो. म्हणजे दोन-तीन लाखांच्या यंत्राला ऐन उन्हाळ्यात त्याच्या निर्मात्यानंच आखलेल्या हद्दीबाहेर राबावं लागतं. पडदा, वजन, बॅटरी आणि वेग यांचा तोल या भागात कसा साधायचा, याचा विचार मला या ओळीपासून सुरू करावासा वाटतो.

आधी गरज कुणाला, ते पाहू. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टनं मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या साथीनं उसाच्या शेतीत कृत्रिम बुद्धिमत्ता आणली. २०२५ च्या सुरुवातीला मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नडेला यांनी तिचा जाहीर उल्लेख केला आणि इथल्या उसाची चर्चा जगभर झाली. पण त्यातलं अवजड गणित दूरच्या डेटा सेंटरमध्ये होतं. उपग्रहाची छायाचित्रं, जमिनीतले सेन्सर आणि हवामान केंद्र यांची माहिती तिकडे जाते आणि शेतकऱ्याच्या मोबाइलवर सल्ला येतो. त्याला असला लॅपटॉप लागत नाही. लागतो तो ड्रोननं टिपलेले शेकडो फोटो जोडून शेताचा नकाशा करणाऱ्याला, लग्नाचे फोर-के व्हिडिओ जुळवणाऱ्याला, यंत्रभागांचे आराखडे करणाऱ्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला. आणि भिगवण-कुंभारगावला उजनी धरणाच्या फुगवट्यावर रोहित टिपायला येणाऱ्याला. आजचा चांगला कॅमेरा सेकंदाला २० फोटो काढतो आणि कच्ची फाइल प्रत्येकी ५० एमबीच्या घरात असते. थवा उडाला की सेकंदाला जवळपास १ जीबी जमा होतो.

हे काम मिनिटाभरात आटोपणारं नाही. तासन् तास चिप पूर्ण भाराखाली राहते, आणि तिथेच उष्णतेचा हिशेब आडवा येतो. चिपला साधारण १०० अंशांपर्यंत तापू देतात, त्यापुढे ती स्वतःच वेग उतरवते. तिच्यावर बसवलेल्या तांब्याच्या चपट्या नळीत थोडं पाणी असतं. ते गरम टोकाला उकळतं, वाफ दुसऱ्या टोकाला जाऊन निवते, आणि पंखा तिथली उष्णता बाहेर लोटतो. किती उष्णता बाहेर पडणार हे चिप आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. खोली २५ अंशांवर असेल तर हा फरक ७५, ४२ वर असेल तर ५८. जी रचना थंड खोलीत ९० वॉट उष्णता बाहेर टाकते, ती इथल्या मेमध्ये सुमारे ७० वॉटच टाकेल.

पण वॉट २२ टक्क्यांनी घटले म्हणून वेगही तेवढा घटत नाही. चिपचा वेग वाढवायचा तर व्होल्टेजही वाढवावं लागतं, आणि विजेचा खप व्होल्टेजच्या वर्गाला वेगानं गुणून निघतो. म्हणजे ढोबळमानानं तो वेगाच्या घनाप्रमाणे चढतो. उलट बाजूनं हिशेब केला तर ७० वॉटांवर वेग ८ टक्क्यांच्या आसपास कमी होतो. दहा मिनिटांचं काम अकरा मिनिटांना. हे कुणालाही सोसण्यासारखं आहे. यातून दुसरीही गोष्ट निघते. दुप्पट वीज ओतून त्याच चिपमधून वेग मिळतो तो फार तर पाव पट जास्त. दुकानात सर्वांत वरच्या चिपसाठी मोजले जाणारे जादा पैसे बहुधा या पाव पटीसाठी असतात, आणि सडपातळ यंत्रात उन्हाळ्यात तीही हाती लागत नाही. मधल्या पायरीची चिप आणि तिला पुरून उरेल अशी कूलिंग, ही जोडी मला या भागासाठी जास्त शहाणपणाची वाटते.

सडपातळपणाचा हट्ट किती महाग पडतो हे ॲपलच्या मोठ्या लॅपटॉपच्या इतिहासात स्वच्छ दिसतं. २०१५ च्या १५ इंची मॅकबुक प्रोचं वजन २.०४ किलो होतं आणि बॅटरी ९९.५ वॉट-तासांची. २०१६ मध्ये जाडी १.८ सेंटिमीटरवरून १.५५ वर आली, वजन १.८३ किलो झालं आणि बॅटरी ७६ वर घसरली. एचडीएमआय आणि मेमरी कार्डची खाच गेली, कीबोर्ड इतका उथळ झाला की धुळीच्या कणानं बटणं अडकू लागली. २०१८ मध्ये त्याच सडपातळ सांगाड्यात सहा कोअरची आय९ चिप घातली, तेव्हा एका परीक्षकानं लॅपटॉप फ्रीझरमध्ये ठेवून दाखवलं की थंडीत तोच व्हिडिओ कितीतरी लवकर तयार होतो. कंपनीनं काही दिवसांत सॉफ्टवेअरची दुरुस्ती काढली. २०१९ मध्ये १६ इंची यंत्र २ किलोचं झालं, बॅटरी पुन्हा १०० वॉट-तासांची आणि कीबोर्ड जुन्या घडणीचा. २०२१ मध्ये एचडीएमआय आणि कार्डची खाचही परतली, आणि वजन २.१ किलो किंवा त्याहून जास्त झालं. सडपातळ झाल्यावर पाच वर्षांनी यंत्र २०१५ च्या वजनाला आलं आणि किंचित पुढेही गेलं.

बॅटरी १०० वॉट-तासांवरच का थांबते? कारण विमानात खास परवानगीशिवाय त्याहून मोठी बॅटरी नेता येत नाही. हा नियम योग्यच आहे. पण त्यामुळे वालचंदनगरच्या घरातून कधी न हलणारं यंत्रही विमानप्रवाशाच्या मापानं बनतं. शेतातल्या वस्तीवर विजेचा भरवसा नसतो आणि बॅटरीवरच काम उरकायचं असतं, तिथे ही मर्यादा टोचते. वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेलं यंत्र पूर्ण भाराखाली २०० वॉट ओढू लागलं तर १०० वॉट-तासांची बॅटरी अर्धा तास टिकेल, म्हणून बॅटरीवर ते आपसूक मंदावतं. ॲपलच्या एम मालिकेच्या चिपा इथे पुढे आहेत, कारण त्यांना मुळात वीज कमी लागते. विंडोजवरच चालणारं सॉफ्टवेअर लागणाऱ्यानं मात्र घरचा इन्व्हर्टर ३३० वॉटचा ॲडॉप्टर पेलतो का, हे आधी तपासावं.

वजनाबद्दल थोडं. वालचंदनगरच्या कारखान्यात इस्रोच्या रॉकेटची मोटर केसिंग घडली आहेत. तिथे केसिंग जड झालं की उपग्रहासाठी उरणारं वजन घटतं, म्हणून महागड्या मॅरेजिंग पोलादाचा खर्च सार्थ ठरतो. टेबलावर राहणाऱ्या किंवा गाडीच्या सीटवरून जाणाऱ्या लॅपटॉपमध्ये वाचलेल्या २०० ग्रॅमचा असा काहीच मोबदला मिळत नाही. त्यासाठी कूलिंग आणि बॅटरी गमावणं मला पटत नाही.

पडद्याच्या बाबतीत एक बदल मनापासून स्वागत करण्याजोगा आहे. १५.६ इंची १६:९ पडदा आणि १६ इंची १६:१० पडदा यांची रुंदी सारखीच, साडेचौतीस सेंटिमीटर. पण दुसरा दोन सेंटिमीटरनं उंच असल्यानं क्षेत्रफळ १० टक्क्यांनी वाढतं. ओलेडचा काळा रंग अप्रतिम असतो, पण त्याची चकचकीत काच पडवीतल्या उजेडात आरशासारखी होते. खिडकीशेजारी बसून काम करणाऱ्यानं मॅट पडदाच घ्यावा.

दुरुस्तीचा मुद्दा इथे शहरापेक्षा जड आहे. बारामतीहून पुणे साधारण १०० किलोमीटर, इंदापूरहून त्याहून दूर. मेमरी बोर्डावर जोडलेली असली तर ती पुढे वाढवता येत नाही, आणि बिघडली तर अख्खा बोर्ड बदलावा लागतो. वेग आणि बदलण्याची सोय दोन्ही देणारं एलपीकॅम२ हे नवं मेमरी मोड्यूल २०२४ मध्ये लेनोवोच्या १६ इंची थिंकपॅड पी१ मध्ये आलं. ते सर्वत्र यायला हवं. गळीत हंगामात पाचटाची राख आणि चिमणीची काजळी पंख्यात बसते, म्हणून तळाचं झाकण साध्या स्क्रूंनी उघडणारं यंत्र निम्मी दुखणी घरच्या घरी टाळतं.

बारामती तालुक्यातल्या माळेगावला २००९ पासून राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे. उष्णता आणि पाण्याचा ताण पिकं कशी सोसतात, याचा अभ्यास तिथे होतो. लॅपटॉपच्या चाचण्या मात्र सहसा वीस-पंचवीस अंशांच्या खोलीत होतात आणि त्यावरच आपण लाखांचा निर्णय घेतो. इथल्या दुकानदारांनी मे महिन्यात, वातानुकूलन बंद ठेवून, अर्धा तास पूर्ण भाराखाली यंत्र चालवून दाखवावं. पहिल्या मिनिटाचा वेग आणि तिसाव्या मिनिटाचा वेग शेजारी शेजारी लिहावा, आणि मनगट टेकतं तिथलं तापमानही. बॅटरीचं चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवता येतं का, हेही गिऱ्हाइकानं तिथेच विचारावं, कारण भरलेली बॅटरी उष्णतेत सर्वांत लवकर म्हातारी होते. आणि भिगवणला होडीतून परतेपर्यंत उन्हातल्या बंद गाडीत लॅपटॉप ठेवू नये. तिथलं तापमान ४५ च्या पुढे सहज जातं.