डॉक्टरांचं बिऱ्हाड ब्रिटनला निघतं तेव्हा

एमबीबीएस होऊन इंटर्नशिप संपली की घरात कुणीतरी विचारतंच, "मग, बाहेर जायचा विचार आहे का?" बाहेर म्हणजे बहुतेकदा अमेरिका किंवा ब्रिटन. ब्रिटनची वाट त्यातल्या त्यात जवळची वाटते, कारण तिथे नुसत्या एमबीबीएसवरही डॉक्टरकी सुरू करता येते. ही वाट कशी आहे आणि बायको-मुलांसह किंवा नवरा-मुलांसह ती चालायची तर काय काय लागतं, ते क्रमाने पाहू.

एके काळी हे सोपं होतं. १९४८ साली तिथली सरकारी आरोग्यसेवा, म्हणजे एनएचएस, सुरू झाली आणि तिला डॉक्टर कमी पडू लागले. भारतीय पदवीच्या कागदावर तेव्हा थेट नोंदणी होई. १९७५ मध्ये जनरल मेडिकल कौन्सिलने, म्हणजे जीएमसीने, ही मान्यता काढून घेतली आणि परीक्षा लावली. तिचंच आजचं रूप म्हणजे प्लॅब.

परीक्षा

सुरुवात इंग्रजीपासून. आयईएलटीएसच्या ॲकॅडमिक परीक्षेत एकूण साडेसात आणि चारही भागांत किमान सात गुण एकाच बैठकीत लागतात. नाहीतर ओईटी ही वैद्यकीय क्षेत्राची परीक्षा देऊन चारही भागांत 'बी' श्रेणी मिळवायची. आपले डॉक्टर बहुधा लेखनात अडकतात, तेव्हा त्याची तयारी आधी करावी.

प्लॅबचा पहिला भाग मुंबईत देता येतो: ३ तास, १८० प्रश्न, पाच पर्यायांतून एक उत्तर. दुसरा भाग मात्र मँचेस्टरलाच होतो. त्यात १६ प्रसंग असतात आणि प्रत्येकाला ८ मिनिटं.

हुशार डॉक्टरही गडबडतात ते इथे. एक नमुना पाहा. समोर टॅक्सीचालक बसलेला आहे (असतो नट), त्याला पहिल्यांदाच फिट येऊन गेली आहे. आपल्या ओपीडीत आपण त्याच्या बायकोला आत बोलावून सांगतो, "यांना गाडी चालवू देऊ नका." तिथे हे चालत नाही. रुग्णाच्या परवानगीशिवाय बायकोलाही काही सांगायचं नाही. आधी त्यालाच विचारायचं, तुम्हाला काय वाटतं, कशाची भीती वाटते. मग स्पष्ट सांगायचं की गाडी आजपासून बंद, आणि परवाना देणाऱ्या खात्याला तुम्ही स्वतः कळवायचं आहे. तो म्हणतो, "मग घर कसं चालवू?" त्या प्रश्नाला तुम्ही कसं सामोरं जाता, याला गुण असतात. औषधाचं नाव अचूक सांगून हा प्रसंग सुटत नाही.

एमआरसीपी किंवा एमआरसीएससारखी मान्य पदवी असेल तर प्लॅब द्यावी लागत नाही.

कागदपत्रं

जीएमसीच्या नोंदणीसाठी पदवीची पडताळणी एपिक या सेवेमार्फत थेट विद्यापीठाकडून होते. जोडीला महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडून 'गुड स्टँडिंग'चं प्रमाणपत्र लागतं. जीएमसी ते ३ महिन्यांच्या आतलंच मान्य करते, म्हणून ते लवकर काढून ठेवण्यात अर्थ नाही.

आपल्याकडची खास अडचण नावाची. आपलं नाव तीन पदरी: स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, मग आडनाव. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची पदवी माहेरच्या नावाने, पासपोर्ट सासरच्या नावाने आणि कौन्सिलची नोंद तिसऱ्याच स्पेलिंगची, असं पुष्कळ घरांत असतं. विवाह नोंदणीचा दाखला आणि राजपत्रातली नावबदलाची नोंद आधीच काढून ठेवा. मुलांच्या जन्मदाखल्यावर आई-वडिलांची नावं पासपोर्टप्रमाणे आहेत का, तेही पाहा. कुटुंबाचा व्हिसा याच कागदांवर उभा असतो.

नोकरी

नोंदणी झाली म्हणजे नोकरी लागली, हा समज आता सोडून द्यायला हवा. तिथे स्पेशालिस्ट होण्यासाठीच्या प्रशिक्षणाच्या सुमारे १०,००० जागांसाठी २०२५ मध्ये ३०,००० हून अधिक डॉक्टरांनी अर्ज केले. त्याच वर्षी जुलैमध्ये जाहीर झालेल्या दहा वर्षांच्या आरोग्य आराखड्यात ब्रिटिश सरकारने स्थानिक पदवीधरांना प्राधान्य देण्याचं धोरण मांडलं. म्हणून परदेशी डॉक्टर बहुधा प्रशिक्षणाबाहेरच्या, 'क्लिनिकल फेलो' किंवा 'ट्रस्ट ग्रेड'च्या जागांपासून सुरुवात करतात. तिथेही एकेका जागेवर शेकडो अर्ज पडतात.

असा धक्का पूर्वीही बसला आहे. २००६ मध्ये वर्क परमिटशिवाय प्रशिक्षण घेण्याची सवलत एकाएकी बंद झाली आणि आधीच तिथे पोचलेले भारतीय डॉक्टर अधांतरी राहिले. त्यांची संघटना, बापिओ, न्यायालयात गेली आणि २००८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत जाऊन एका मुद्द्यावर जिंकली. पण मधल्या काळात अनेकांची उमेदीची वर्षं गेली.

व्हिसा आणि कुटुंब

नोकरी देणारं रुग्णालय 'सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप'चा क्रमांक देतं. त्यावर हेल्थ अँड केअर वर्कर व्हिसा मिळतो. भारतातून जाणाऱ्यांना क्षयरोगाची तपासणी मान्य केंद्रातूनच करावी लागते आणि तिचा दाखला ६ महिने चालतो.

या व्हिसाचा मोठा फायदा कुटुंबाला होतो. इतर नोकरदारांना दरवर्षी मोठ्यांमागे १,०३५ आणि मुलांमागे ७७६ पौंड आरोग्य अधिभार भरावा लागतो. चौघांचे ३ वर्षांचे १०,८६६ पौंड होतात. डॉक्टर आणि त्यांच्या कुटुंबाला हा माफ आहे. जोडीदाराला नोकरीची मुभा असते. खात्यात मात्र स्वतःसाठी १,२७०, जोडीदारासाठी २८५, पहिल्या मुलासाठी ३१५ आणि पुढच्या प्रत्येकासाठी २०० पौंड सलग २८ दिवस दिसावे लागतात, किंवा रुग्णालयाने तशी हमी द्यावी लागते.

पुष्कळ जण आधी एकटे जातात. रुग्णालयाच्या खोलीत राहतात, पहिल्या पगाराची चिठ्ठी हातात आली की घर शोधतात आणि मग कुटुंबाला बोलावतात. हे शहाणपणाचं आहे, कारण घरमालक पगार आणि कर्जफेडीचा तिथला इतिहास पाहतात आणि तुमचा इतिहास तिथे कोरा असतो. सरकारी शाळा मोफत आहे, पण प्रवेश स्थानिक कौन्सिलमार्फत होतो आणि घर कुठे आहे यावर बरंच ठरतं. म्हणून घर घेण्याआधी शाळा पाहावी. चार वर्षं पूर्ण झालेलं मूल त्यापुढच्या सप्टेंबरात 'रिसेप्शन'च्या वर्गात जातं. गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालते, पण आपला परवाना १२ महिनेच चालतो. पुढे तिथली परीक्षा द्यावी लागते.

नवरा-बायको दोघेही डॉक्टर असतील तर खरी कसरत ड्यूटीच्या वेळापत्रकाची. दोघांची रात्रपाळी एकाच आठवड्यात आली की मूल कुणाकडे ठेवायचं? आजी-आजोबा पाहुण्यांच्या व्हिसावर एका वेळी ६ महिन्यांपर्यंतच राहू शकतात. त्यांना कायमचं नेण्याचे नियम २०१२ पासून इतके कडक आहेत की आई-वडील म्हातारपणी आपल्याजवळ येऊन राहतील, हा हिशेब धरूच नये. एकुलता एक मुलगा किंवा मुलगी जाणार असेल तर घरात हे आधीच मोकळेपणाने बोलून घ्यावं. आजवर ५ वर्षांनी कायम वास्तव्याचा अर्ज करता येई. हा काळ साधारण दुप्पट करण्याचा प्रस्ताव २०२५ मध्ये सरकारने मांडला, तेव्हा अर्ज करतानाचा ताजा नियम सरकारी संकेतस्थळावरच वाचा.

शेवटी एवढंच. परीक्षा द्या, पण स्पॉन्सरशिपचा क्रमांक हातात येईपर्यंत इथली नोकरी सोडू नका आणि चालू दवाखाना बंद करू नका. तिथे गेल्यावरही महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी दर ५ वर्षांनी नूतनीकरण करून चालू ठेवा. परत यावंसं वाटलं तर तोच कागद लागतो.