घरची लाइन कुठून कुठे जाते? बंद ऋतूत एकदा नकाशा काढून ठेवा



१६ जून ते १५ ऑगस्ट आपला बंद ऋतू. जाळी दुरुस्त करायची, डोंग्याला डांबर लावायचं, ते हेच दिवस. पण भिंतीला ओल येते आणि बोर्डात करंट उतरतो, तेही याच दिवसांत. म्हणून डोंग्यासोबत घरची लाइनही तपासून घ्या. त्यासाठी वायरमन असायची गरज नाही. बोर्ड न उघडताही बरंच काही कळतं.

पॉइंटची साखळी कशी असते?

मीटरपासून वायर येते मेन बोर्डात. तिथून एकेका एमसीबीवरून एकेक लाइन निघते. पण प्रत्येक प्लगला मेनपासून वेगळी वायर नसते. पहिल्या बोर्डातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात अशी ती पुढे नेलेली असते. पाटाचं पाणी एका वावरातून पुढच्या वावरात जातं, तसंच हे. मधे बांध अडला की पुढची सगळी वावरं कोरडी.

यातून दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, काही पॉइंट चालू आणि त्यापुढचे बंद असतील, तर बिघाड बहुतेक शेवटच्या चालू आणि पहिल्या बंद पॉइंटच्या मधे असतो. या दोनपैकी एका बोर्डात स्क्रू ढिला झालेला किंवा वायर जळालेली सापडते. दोन, शेवटच्या प्लगला जड मशीन लावलं की त्याचा सगळा भार आधीच्या प्रत्येक जोडावरून जातो. जिथे जोड ढिला, तिथे तो तापतो.

नकाशा असा काढा

१. कागदावर घराच्या खोल्या काढा. प्रत्येक प्लग, बल्ब, पंख्याला नंबर द्या.

२. टेबल लॅम्प किंवा मोबाइलचा चार्जर घेऊन प्रत्येक प्लग चालतो का पाहा.

३. आता एकच एमसीबी बंद करा. काय काय बंद पडलं, त्याचे नंबर लिहा. मग तो चालू करून दुसरा बंद करा.

४. एमसीबीच्या खाली चिठ्ठी चिकटवा: "स्वयंपाकघर", "समोरची खोली", "फ्रीजर".

५. पट्टी फिटिंग असेल तर वायर कोणत्या बोर्डातून पुढे गेली ते डोळ्यांनी दिसतं. भिंतीतली फिटिंग असेल तर वायरमनकडूनच बोर्ड उघडून घ्या. सॉकेटच्या एका स्क्रूला दोन वायरी असल्या तर बहुतेक लाइन तिथून पुढे गेलेली असते. एकच असली तर बहुतेक तो शेवटचा पॉइंट.

घरी इन्व्हर्टर असेल तर सावध. मेन बंद केला तरी इन्व्हर्टरवरचे पॉइंट चालूच राहतात. त्यांना नकाशात लाल खूण करा.

टेस्टर काय सांगतो?

तीन पिनच्या सॉकेटकडे तोंड करून पाहिलं तर वरचं मोठं भोक अर्थिंगचं, उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल. स्विच चालू असताना टेस्टर फक्त उजवीकडे पेटला पाहिजे. स्विच बंद केल्यावरही पेटत असेल, तर स्विच चुकीच्या वायरवर आहे. त्याच लाइनवर काही लावलेलं असताना दोन्ही भोकांत पेटतो आणि मशीन मात्र चालत नाही, तर मागे कुठेतरी न्यूट्रल तुटलाय.

टेस्टर नाही पेटला म्हणजे करंट नाहीच, असं धरू नका. आधी चालू पॉइंटवर टेस्टर तपासून घ्या. हात ओले असतील, पाय ओल्या जमिनीवर असतील, तर टेस्टर हातातही घेऊ नका.

फ्रीजर आणि कूलर

मासळीचा फ्रीजर आणि उन्हाळ्यातला कूलर, दोन्हींचं अंग लोखंडी आणि आजूबाजूला पाणी. सहा अँपिअरचा प्लग २३० व्होल्टवर जास्तीत जास्त १३८० वॉट पेलतो. फ्रीजरची मोटर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. म्हणून फ्रीजरला मेन बोर्डातून वेगळी लाइन आणि १६ अँपिअरचा पॉइंट द्या. एक्स्टेंशन बोर्डावर चालवू नका.

अर्थिंगचं भोक दिसतं म्हणजे अर्थिंग आहे, असं नाही. पुष्कळ जुन्या घरांत तिथे वायरच नसते. काही ठिकाणी तर अर्थिंगची पिन न्यूट्रललाच जोडून टाकतात. हे फार धोक्याचं. मागे न्यूट्रल तुटला की फ्रीजरच्या पूर्ण अंगात करंट उतरतो. हात धुऊन मासळी काढायला गेलेल्या बाईला तो कळतो, तेव्हा उशीर झालेला असतो.

वायरमन आला की त्याला तीन गोष्टी विचारा: अर्थिंग खड्ड्यापर्यंत पोचते का, न्यूट्रल-अर्थिंग कुठे जोडलंय का, आणि ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी बसवता येईल का. एमसीबी वायर वाचवते, माणसाला वाचवायला आरसीसीबी लागते. तिचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबा. ती लगेच पडली पाहिजे. नाही पडली तर बदला.

कोणाला करंट लागलाच, तर त्याला हात लावू नका. आधी मेन बंद करा. खांबावरची किंवा मीटरच्या अलीकडची वायर आपण छेडायची नाही, १९१२ वर तक्रार करायची.

पोळ्याला, गोटमारीला सावरगावात घरोघरी पाहुणे भरतात, सगळे पॉइंट एकाच वेळी चालतात. त्याच्या आधी नकाशा तयार ठेवा आणि मेन बोर्डाच्या झाकणाला आतून चिकटवा. मेन कुठे आहे आणि कसा पाडायचा, हे घरातल्या लेकरांनाही दाखवून ठेवा.