पत्ता असलेल्या बंदुका

दसऱ्याला महाकालाची पालखी उज्जैनच्या जुन्या गावातून निघते आणि फ्रीगंजमध्ये, दसरा मैदानावर शमीपूजनाला जाते. मंदिराच्या दारात पोलिसांची सशस्त्र तुकडी सलामी देते. त्याच दिवशी पोलीस लाईनमध्येही शस्त्रपूजन होतं. रायफली ओळीने मांडून त्यांना कुंकू-फुलं वाहिली जातात. शिंद्यांबरोबर माळव्यात आलेल्या मराठी घरांत आणि आसपासच्या राजपूत ठाकुरांकडेही पाटावर शस्त्रं मांडतात. तलवार, कट्यार, आणि असली तर आजोबांच्या नावावरून नातवाच्या नावावर चढलेली दुनळी.

२०२३ साली २४ ऑक्टोबरला दसरा होता. ९ ऑक्टोबरला मध्य प्रदेश विधानसभेची निवडणूक जाहीर झाली आणि आचारसंहिता लागली. आचारसंहितेमागोमाग परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात. पाटावर मग बंदूक येत नाही. ती मालखान्यात असते आणि घरात उरते जमा केल्याची पावती.

हा एका वर्षाचा योगायोग म्हणता येणार नाही. २०१३ साली निवडणूक ४ ऑक्टोबरला जाहीर झाली, २०१८ साली ६ ऑक्टोबरला. दोन्ही वेळा दसरा त्यानंतर आला. २००८ साली घोषणा १४ ऑक्टोबरची, म्हणून दसरा सुटला, पण दिवाळी सापडली. या राज्याची विधानसभा निवडणूक नोव्हेंबरच्या आसपास येते आणि शस्त्रांचा सण तिच्या तोंडाशी. सणाची रुखरुख एका संध्याकाळची असते, ती सोसता येते. शेतकऱ्याचं नुकसान मात्र थेट पिकाचं आहे, आणि या लेखाचं मूळ तिथे आहे.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये माळव्यात सोयाबीन निघालेलं असतं, गहू आणि हरभरा पेरला जातो. कोवळं पीक वर येतं तसे नीलगायींचे कळप शेतात उतरतात. विदर्भात जिला रोही म्हणतात, ती इकडची रोजडा. शेतकरी रात्री राखणीला जागतो, डबे वाजवतो, फटाके उडवतो. बंदूक असलेला हवेत बार काढतो. १९५९च्या शस्त्र कायद्याने हे प्रयोजन स्वतः मान्य केलं आहे: पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक हवी असेल आणि अर्ज खरा असेल, तर परवाना द्यावा, असं कलम १३ सांगतं. ज्या महिन्यांसाठी कायद्याने ती बंदूक दिली, नेमक्या त्याच महिन्यांत निवडणूक ती काढून घेते.

माझ्याकडे बंदूक नाही आणि ती घ्यायची इच्छाही नाही. आपल्या देशात शस्त्र बाळगणं हा मूलभूत हक्क नाही, हे मला मनापासून योग्य वाटतं. पण ही गोष्ट आपसूक ठरलेली नाही. १८७८ साली व्हाइसरॉय लिटनच्या काळात आलेला शस्त्र कायदा हे स्वातंत्र्य चळवळीचं जुनं दुखणं होतं. १९३० साली गांधीजींनी सरकारपुढे ठेवलेल्या अकरा मागण्यांत स्वसंरक्षणासाठी शस्त्रपरवाने ही एक मागणी होती. ज्याने आयुष्यभर अहिंसा सांगितली, त्याच्या यादीत ती होती हे विसरू नये. १९३१च्या कराची ठरावातही, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क नोंदला गेला. त्याच ठरावाचा आधार घेऊन हरी विष्णू कामथ यांनी डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला. परक्या सरकारपुढे मागितलेली गोष्ट स्वतंत्र राज्यात तशीच मागण्याचं कारण उरत नाही, आणि असा हक्क सरसकट दिला तर सराईत गुन्हेगारालाही तो नाकारता येणार नाही, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. दुरुस्ती पडली. उज्जैनहून दक्षिणेला दोन तासांवर महू आहे, बाबासाहेबांचं जन्मगाव. तो निर्णय याच भागात इतका रोजच्या जगण्याला भिडेल असं तेव्हा कुणाला वाटलं असेल का, असं महूच्या रस्त्यावरून जाताना माझ्या मनात येतं.

हक्क नाही, म्हणजे उरते परवानगी. आणि परवानगीभोवती राजकारण जमतं. ग्वाल्हेर-चंबळ पट्ट्यात खांद्यावरची बंदूक ही घराची पत समजली जाते. तिथे परवाना मिळवून देणं हे पुढाऱ्याचं काम मानलं जातं, रस्ता किंवा बदली मिळवून देण्यासारखंच. २००८ साली शिवपुरीत, म्हणजे शिंद्यांच्या एके काळच्या उन्हाळी राजधानीत, प्रशासनाने नसबंदी करून घेणाऱ्या पुरुषांना बंदुकीच्या परवान्यात प्राधान्य देऊ केलं होतं. परवान्याची ओढ किती खोल आहे, हे त्या एका योजनेवरून कळतं.

२०१९च्या डिसेंबरमध्ये ही ओढ संसदेतही दिसली. एका व्यक्तीला तीन शस्त्रांची मुभा होती. सरकारचं विधेयक ती एकावर आणणार होतं. वारशाने आलेल्या बंदुकांचं काय करायचं, असं म्हणत खासदारांनी आक्षेप घेतले आणि अखेर आकडा दोनवर थांबला. तिसरं शस्त्र वर्षभरात जमा करायचं ठरलं. परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच झाली. लग्नात-वरातीत बेफिकीर गोळीबार करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अशी तरतूद आली. ती फार आधी यायला हवी होती.

शिकारीची बाजू थोडक्यात सांगतो, कारण ती १९७२नंतर संपत गेली. त्याआधी हा शिंद्यांचा शिकारी मुलूख. ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी तर आफ्रिकेतून सिंह आणून श्योपूरच्या रानात सोडले होते. वन्यजीव संरक्षण कायदा आला, आणि पुढे १९९१च्या दुरुस्तीने छंदाची शिकार पूर्ण बंद झाली. आज शेतकऱ्यासाठी कायद्यात बसणारी शिकार मुख्यतः एकाच वाटेची आहे: उभ्या पिकाला धोका आहे असं अधिकृत अधिकाऱ्याने लेखी मान्य करायचं आणि मग ठरावीक जनावर मारायची परवानगी द्यायची. नीलगायीच्या नावातच गाय असल्याने माळव्यातला शेतकरी तेही सहसा करत नाही. बिहारने २०१६ साली शिकारी बोलावून दोनशेहून अधिक नीलगायी मारल्या, तेव्हा केंद्रातल्याच दोन मंत्र्यांचं जाहीर वाजलं. मनेका गांधींनी पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकरांवर उघड टीका केली. मध्य प्रदेशाने वेगळा रस्ता धरला. २०२५च्या ऑक्टोबरमध्ये उज्जैनला लागून असलेल्या शाजापूर जिल्ह्यात हेलिकॉप्टरने कळप हाकत आणले, नरसाळ्यासारख्या कुंपणात, म्हणजे बोमात, काळवीट आणि नीलगायी धरल्या आणि जंगलात नेऊन सोडल्या. एकही गोळी न झाडता. मला हा मार्ग मनापासून आवडला. पण हेलिकॉप्टर प्रत्येक शिवारात येत नाही, तोवर राखण शेतकऱ्यालाच करायची आहे.

आता बंदूक जमा करण्याबद्दल. मतदानाच्या काळात शस्त्रांवर नजर हवी याबद्दल दुमत नाही. ज्याने बूथ बळकावण्याचे दिवस पाहिले आहेत तो हे मान्यच करील. प्रश्न एवढाच आहे की कुणाची बंदूक घ्यायची. २००९ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे एका परवानाधारकाची याचिका आली आणि त्या निकालानंतर निवडणूक आयोगाने देशभर पद्धत आखून दिली. प्रत्येक जिल्ह्यात दंडाधिकारी आणि पोलीस अधीक्षकांची छाननी समिती असावी. जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेले, पूर्वी दंगलीत, विशेषतः निवडणुकीच्या दंगलीत सापडलेले, अशांचे परवाने एकेक तपासावेत. ज्याची बंदूक घ्यायची त्याला नोटीस द्यावी. निकालानंतर आठवड्याने ती परत करावी. राष्ट्रीय रायफल संघटनेचे सभासद असलेले, स्पर्धेत उतरणारे नेमबाज आणि बँकांचे पहारेकरी यांना त्यातून वगळावं. हांगझोऊच्या आशियाई खेळांची सांगता ८ ऑक्टोबर २०२३ला झाली. तिथे खरगोन जिल्ह्यातला ऐश्वर्यप्रताप सिंह तोमर आणि कोल्हापूरचा स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफलमध्ये सांघिक सुवर्ण मिळवलं होतं. दुसऱ्याच दिवशी तोमरच्या राज्यात आचारसंहिता लागली. ही सूट किती गरजेची आहे ते यावरून समजावं.

पद्धत नेमकी आहे. माणूस पाहून निर्णय घ्या, असं ती सांगते. प्रत्यक्षात मध्य प्रदेशात शस्त्र कायद्याच्या कलम १७ खाली जिल्ह्यातले परवाने निवडणुकीपुरते सरसकट निलंबित होतात, वगळलेल्यांची छोटी यादी सोडून. शेजारच्या उत्तर प्रदेशात मार्च २०२४ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनऊ खंडपीठाला पुन्हा सांगावं लागलं की सर्वसाधारण हुकूम काढून सगळ्यांच्या बंदुका घेता येणार नाहीत. पंधरा वर्षांनी तेच.

सरसकट हुकूम का निघतो ते समजतं. छाननीला माणसं लागतात, वेळ लागतो, आणि एखाद्या वगळलेल्या बंदुकीतून गोळी सुटली तर जबाबदारी सही करणाऱ्यावर येते. परवानाधारकाचं नाव, पत्ता, बंदुकीचा क्रमांक, काडतुसांची नोंद सगळं वहीत असतं. म्हणून तो सापडतो. धार, खरगोन, बडवानी, बुऱ्हाणपूर भागातल्या सिकलीगर वस्त्यांत बनलेल्या आणि देशभर जाणाऱ्या गावठी कट्ट्याला ना क्रमांक ना वही. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा शस्त्रांची स्वतःहून दखल घेतली, ती याच काळजीने. निवडणुकीत धाक घालायला कट्टा पुरतो, आणि तो जमा करायला कुणी रांगेत उभं राहत नाही. सिकलीगर हे एके काळी हत्यारांना धार लावणारे, घडवणारे कसबी लोक. त्यांच्या हाताला दुसरं काम मिळालं तर निवडणुका मालखाने भरण्यापेक्षा जास्त सुरक्षित होतील, असं माझं ठाम मत आहे.

अमेरिकेत निवडणुकीचं वर्ष आलं की नवे निर्बंध येतील या धास्तीने लोक दुकानांत धावतात; २०२० साली तिथे बंदुकीसंबंधीच्या पार्श्वभूमी तपासण्या सुमारे ३ कोटी ९७ लाखांवर गेल्या. आपल्याकडे निवडणूक आली की बंदूक घरातून बाहेर पडते. दोन्हींत मला आपली रीत बरी वाटते, फक्त ती माणूस पाहणारी असावी.

२०२३-२४च्या निवडणूक हंगामाचा हिशोब मांडून पाहिला. ९ ऑक्टोबर २०२३ला आचारसंहिता, ३ डिसेंबरला निकाल, वर आठवडा: दोन महिने. १६ मार्च २०२४ला लोकसभा जाहीर. उज्जैनचं मतदान १३ मे रोजी उरकलं, पण देशाचा निकाल ४ जूनला, वर आठवडा: जवळपास तीन महिने. आठ महिन्यांपैकी पाच. बडनगर किंवा तराना भागातल्या एखाद्या शेतकऱ्याने बंदूक पोत्यात गुंडाळून, मोटारसायकलवर मागे बसलेल्या मुलाच्या हाती देऊन, ठाण्यात न्यायची आणि आणायची, ती दोनदा. मालखान्यात ओल असते. तेलपाणी न झालेल्या नळीला गंज धरतो आणि पुढच्या वेळी घोडा अडकतो. तक्रार कुणाकडे करायची, ते पावतीवर लिहिलेलं नसतं.

पुढची विधानसभा २०२८ची. त्या वर्षी उन्हाळ्यात क्षिप्रेच्या काठी सिंहस्थ आहे. दसरा सप्टेंबरच्या अखेरीस येतो आणि दिवाळी ऑक्टोबरच्या मध्यावर. निवडणूक नेहमीप्रमाणे ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात जाहीर झाली, तर दुनळी या खेपेला दसऱ्याच्या पाटावर असेल, आणि गव्हाला कोंब फुटतील तेव्हा ठाण्यात.