काचेला चिकटलेला मासा कोणता?

मत्स्यालयाच्या काचेला तोंडाने घट्ट चिकटून बसलेला काळपट, नक्षीदार मासा तुम्ही पाहिला असेल. दुकानदार त्याला 'सकर' म्हणतो. हा मूळचा दक्षिण अमेरिकेतील मार्जारमीन, म्हणजेच कॅटफिश. परंतु 'सकर' या एका नावाखाली सारख्या दिसणाऱ्या अनेक जाती विकल्या जातात. मग छायाचित्रावरून त्या ओळखायच्या कशा?

पहिली गोष्ट, रंगावर विसंबू नका. उजेड बदलला किंवा मासा घाबरला, की रंग फिका वा गडद होतो. त्यापेक्षा जे मोजता येते ते मोजा. मासा पाठीवरचा पर उभारील तेव्हा बाजूने छायाचित्र घ्या. परात छत्रीसारख्या काड्या दिसतील. पुढचा जाड काटा सोडून त्या मोजा. ७ भरल्या तर मासा बहुधा हायपोस्टोमस प्रजातीतला; १० ते १३ भरल्या तर टेरिगोप्लिक्थिस प्रजातीतला. दुकानात पहिल्याचे नाव सांगून पुष्कळदा दुसराच मासा दिला जातो!

आता जात पाहू. मासा काचेला चिकटला, की त्याचे पोट आपोआप तुमच्यासमोर येते. टेरिगोप्लिक्थिसच्या पार्डालिस जातीत पोटावर सुटे गडद ठिपके असतात. डिसजंक्टिव्हस जातीत ते एकमेकांत मिसळून नागमोडी रेघा होतात. कॅमेरा काचेसमोर सरळ धरा. तिरका धरल्यास वक्रीभवनामुळे आकार बिघडतो. फ्लॅश मात्र नको, कारण त्याचा उजेड काचेवरून परतून कॅमेऱ्यातच शिरतो. दिवा वरून लावा.

नक्षी दोहोंच्या मधली निघाली तर? या जातींचा संकर होत असावा, असे शास्त्रज्ञांना वाटते. अशा वेळी 'प्रजाती कळली, जात अनिश्चित' असे लिहिणे हेच शास्त्रीय उत्तर.

एवढा खटाटोप कशासाठी? बोटाएवढा आणलेला टेरिगोप्लिक्थिस ४० सेंमी.पर्यंत वाढतो. टाकी अपुरी पडली की लोक त्याला तळ्यात सोडतात. प्राणवायू कमी असलेल्या पाण्यातही तो हवा गिळून तग धरतो. कोलकात्याजवळच्या पाणथळ भागात आणि केरळात तो असाच पसरला आहे. त्याचे काटेरी पर कोळ्यांची जाळी फाडतात.

म्हणून मासा विकत घेण्यापूर्वीच त्याच्या पराच्या काड्या मोजा. आणि घरी आणलेला मासा कितीही मोठा झाला, तरी नदीत वा तळ्यात सोडू नका.