शेवटच्या बाकावरचं पोर दरवेळी 'ढ' नसतं, त्याला नीट ऐकूच आलेलं नसतं! वर्गात माईक बसवायचा तर आधी हे वाचा

गणिताचा तास चालू आहे. बाई फळ्याकडे तोंड करून सांगतात, "सातला पाचने गुणा." पहिल्या बाकावरची पोरं पस्तीस लिहितात. शेवटच्या बाकावरचा एक जण मात्र तीनशे लिहून मोकळा होतो. त्याचा गुणाकार बरोबर आहे. त्याला फक्त 'सात'च्या जागी 'साठ' ऐकू आलंय. वहीत लाल रेघ येते आणि पालकसभेत शेरा मिळतो, "याचं वर्गात लक्ष नसतं."

असा शेरा मिळालेली पोरं प्रत्येक शाळेत सापडतात. त्यातल्या काहींचं खरंच लक्ष नसतं. पण काहींच्या कानापर्यंत शब्दच धड पोचत नाही. त्यावरचा एक उपाय म्हणजे वर्गात माईक आणि स्पीकर बसवणं. परदेशात तो बरीच वर्षं वापरला जातो, आपल्याकडेही काही शाळा लोकवर्गणीतून किंवा माजी विद्यार्थ्यांच्या मदतीने असे सेट घेतात. पण माईक आणला, लावला आणि प्रश्न सुटला, असं मात्र होत नाही.

आधी न्यूयॉर्कच्या एका शाळेची गोष्ट

मॅनहॅटनमधल्या पब्लिक स्कूल ९८ या शाळेला अगदी खेटून पुलावरून रेल्वे जायची. दर साडेचार मिनिटांनी एक गाडी. गाडी आली की त्या बाजूच्या वर्गांतला आवाज ८९ डेसिबलपर्यंत जायचा आणि शिकवणं थांबायचं.

मानसशास्त्रज्ञ आर्लिन ब्रॉन्झाफ्ट यांनी रुळांकडच्या वर्गांतली मुलं आणि शाळेच्या शांत बाजूची मुलं यांच्या वाचनाची तुलना केली. हा अभ्यास १९७५ मध्ये प्रसिद्ध झाला. शाळा एकच, पण रुळांकडच्या बाजूची मुलं वाचनात मागे होती आणि सहावीपर्यंत हा फरक जवळपास एका वर्षाचा झाला होता.

पुढे रुळांखाली रबरी पॅड बसवले गेले आणि वर्गांना आवाज शोषणारं छत लागलं. १९८१ मध्ये पुन्हा पाहणी झाली, तेव्हा दोन्ही बाजूंच्या मुलांचं वाचन सारखं निघालं.

या गोष्टीत माईक कुठेही नाही. आधी गोंगाट कमी केला गेला. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

शेवटच्या बाकापर्यंत नेमकं काय पोचतं?

मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने घटतो. बाईंचा आवाज एक मीटरवर ६० डेसिबल धरला, तर दोन मीटरवर ५४, चार मीटरवर ४८ आणि आठ मीटरवर ४२ उरतो. वर्गात भिंतींवरून परतणारा आवाज त्यात मिसळतो, म्हणून घट एवढी होत नाही. पण तो परतलेला आवाज उशिरा आलेला आणि गढूळ असतो.

आता दुसरी बाजू बघा. कुरकुरणारे पंखे, खिडकीबाहेरचा रस्ता, शेजारच्या वर्गात चाललेले पाढे हे सगळं मिळून ५० डेसिबल सहज होतात. म्हणजे शेवटच्या बाकावर बाईंचा आवाज आणि गोंगाट जवळपास एकाच पातळीवर येतात, कधी गोंगाटच वरचढ ठरतो.

मुलांना बोलणं नीट कळायचं असेल, तर शिक्षकांचा आवाज गोंगाटापेक्षा किमान १५ डेसिबलने वर असावा, अशी शिफारस श्रवणतज्ज्ञ करतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार वर्गातला बाहेरचा गोंगाट ३५ डेसिबलच्या आत हवा. आपल्याकडे २००० सालच्या ध्वनी प्रदूषण नियमांमध्ये शाळांभोवतीचा १०० मीटरपर्यंतचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करण्याची तरतूद आहे आणि अशा क्षेत्रात दिवसाची मर्यादा ५० डेसिबल आहे. हायवेला लागून असलेल्या शाळेत हे आकडे किती पाळले जातात, ते वेगळं सांगायला नको.

मोठ्यांना कळतं, मग मुलांना का नाही?

बोलण्यातले स्वर, म्हणजे आ, ओ, ए, हे जोरकस असतात आणि ते लांबपर्यंत जातात. स, त, ठ, फ, ख यांसारखी व्यंजनं मात्र नाजूक असतात आणि गोंगाटात आधी तीच बुडतात. शब्दाचा अर्थ तर बहुतेक वेळा व्यंजनांवरच अवलंबून असतो. सात-साठ, पाट-पाठ, ताट-थाट, दात-दाट. एक व्यंजन हुकलं की शब्द बदलला.

मोठी माणसं हुकलेला शब्द अंदाजाने भरून काढतात, कारण तो शब्द त्यांना आधीपासून माहीत असतो. पाचवीतल्या मुलाने 'अपूर्णांक' किंवा 'बाष्पीभवन' पहिल्यांदाच ऐकलेला असतो, तो अंदाज कशाच्या जोरावर बांधणार? घरी गोंडी किंवा भिली बोलणाऱ्या आणि शाळेत मराठीतून शिकणाऱ्या मुलाची अडचण तर आणखी मोठी. सर्दी होऊन कान दडे बसलेलं पोर, कानात पाणी साठलेलं पोर हेही याच रांगेत.

आणि बाईंच्या घशाचं काय?

गोंगाट वाढला की माणूस नकळत आवाज चढवतो. याला 'लोंबार परिणाम' म्हणतात. फ्रेंच डॉक्टर एतिएन लोंबार यांनी १९११ मध्ये त्याबद्दल लिहिलं होतं. वर्गात याचं चक्र सुरू होतं. पोरं बोलतात म्हणून बाई ओरडतात, बाई ओरडतात म्हणून पोरं आणखी मोठ्याने बोलतात.

अमेरिकेतल्या आयोवा आणि युटा राज्यांत झालेल्या, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ११ टक्के शिक्षकांना त्या वेळी आवाजाचा त्रास होता. इतर व्यवसायांत हे प्रमाण ६.२ टक्के होतं. आयुष्यात कधी ना कधी असा त्रास झालेले शिक्षक ५७.७ टक्के होते, तर इतर लोक २८.८ टक्के.

त्याआधी २००२ मध्ये आवाजाचा त्रास असलेल्या शिक्षकांवर एक प्रयोग झाला होता. एका गटाला अंगावर बाळगायचा छोटा माईक-स्पीकर दिला, दुसऱ्या गटाला घशाची काळजी कशी घ्यायची ते शिकवलं. लक्षणीय फरक पडला तो माईकवाल्या गटात. घशाला आराम द्या, असा सल्ला देणं सोपं असतं, पण साठ पोरांसमोर तो पाळायचा कसा?

हा सेट म्हणजे काय असतं?

गणपतीत मंडळासमोर लागतो तो साउंड डोळ्यासमोर आणू नका. इथे आवाज मोठा करणं हा हेतूच नाही. बाईंनी नेहमीच्या आवाजात बोलावं आणि ते पहिल्या आणि शेवटच्या बाकावर सारखंच ऐकू यावं, एवढंच काम आहे. त्यासाठी साधारण ५ ते १० डेसिबलची वाढ पुरते.

ढोबळमानाने तीन पर्याय आहेत.

१. कमरेला लावायचा सेट: डोक्यावर माईक, कमरेला डबीएवढा स्पीकर. स्वस्त, बॅटरीवर चालणारा, फिटिंगची गरज नाही. बाईंच्या घशाला आराम मिळतो. पण आवाज बाईंजवळूनच निघतो, त्यामुळे शेवटच्या बाकाला तुलनेने कमी फायदा होतो.

२. एकच उभा स्पीकर: बिनतारी माईक आणि वर्गात एका जागी ठेवलेला उंच, सडपातळ स्पीकर. एका वर्गातून दुसऱ्या वर्गात नेता येतो.

३. चार छोटे स्पीकर: छतावर किंवा भिंतींवर वर्गभर वाटलेले. प्रत्येक बाकाच्या जवळ कुठला तरी स्पीकर येतो, त्यामुळे आवाज सगळ्यात समान पसरतो. खर्च आणि फिटिंग मात्र जास्त.

मैदानावर प्रार्थनेला लावतात तो कर्णा वर्गात लावू नका. त्याचा आवाज लांब जातो, पण कर्कश असतो आणि बंद खोलीत तो घुमतो.

बसवण्याआधी दोन फुकटच्या चाचण्या

टाळी: रिकाम्या वर्गात एक जोरात टाळी वाजवा. आवाज लगेच विरला तर ठीक. तो घुमत राहिला तर वर्गात प्रतिध्वनी आहे. अमेरिकेच्या वर्ग-ध्वनी मानकात साधारण आकाराच्या रिकाम्या वर्गात आवाज विरायला ०.६ सेकंदापेक्षा जास्त वेळ लागू नये, असं म्हटलंय. सिमेंटच्या भिंती, फरशी आणि स्लॅब असलेल्या रिकाम्या खोलीत तो वेळ यापेक्षा बराच जास्त असू शकतो. अशा खोलीत माईक लावला तर गढूळ आवाजच मोठा होतो.

वीस शब्द: सात, साठ, पाट, पाठ असे मिळतेजुळते वीस शब्द काढा. शिक्षकांनी वहीने तोंड झाकून, नेहमीच्या आवाजात ते वाचावेत, पोरांनी लिहावेत. ओठ दिसता कामा नयेत, नाहीतर पोरं ते बघून ओळखतात. पहिल्या आणि शेवटच्या रांगेतली बरोबर उत्तरं मोजा. फरक मोठा असेल तर प्रश्न आवाजाचा आहे.

यानंतर गोंगाटाचा बंदोबस्त. पंख्यांना तेलपाणी करा, बाक-खुर्च्यांच्या पायांना रबरी बूच लावा, रस्त्याकडची खिडकी तासापुरती बंद करता येते का बघा. मागच्या भिंतीवर जाड सॉफ्टबोर्ड आणि खिडक्यांना जाड पडदे लावले तर प्रतिध्वनी कमी होतो. अंड्यांचे ट्रे आणि थर्माकोल चिकटवण्याचा सल्ला सोशल मीडियावर फिरतो, तो ऐकू नका. बोलण्याचा प्रतिध्वनी त्याने फारसा कमी होत नाही आणि दोन्ही वस्तू पटकन पेट घेतात.

पत्र्याचं छप्पर असेल तर पावसाळ्यातल्या माऱ्यापुढे कुठलाच माईक टिकणार नाही. तिथे पत्र्याखाली छत घालणं हेच पहिलं काम.

फिटिंग करताना काय बघायचं?

स्पीकर फळ्याशेजारी नको: तिथे लावला तर पहिल्या बाकाचे कान किटतात, मागे काही पोचत नाही आणि माईक स्पीकरसमोर आल्याने शिट्टी सुरू होते. स्पीकरचा आवाज माईकमध्ये शिरतो, पुन्हा मोठा होऊन बाहेर येतो, पुन्हा शिरतो, म्हणून ती शिट्टी. स्पीकर पोरांच्या डोक्याच्या वर, वर्गाच्या मधल्या आणि मागच्या भागाला आवाज मिळेल असे लावा.

माईक तोंडाजवळ हवा: डोक्यावरचा माईक ओठांच्या कोपऱ्यापासून दोन-तीन सेंटिमीटरवर असतो, त्यामुळे तो गोंगाट कमी उचलतो. कॉलरचा किंवा गळ्यातला माईक सोयीचा, पण मान वळवली की आवाज कमी होतो.

शेजारचा वर्ग: रेडिओ लहरींवर चालणाऱ्या माईकचा सिग्नल भिंत ओलांडतो. दोन वर्गांत एकच चॅनल असेल तर इतिहासाच्या तासाला शेजारचं भूगोल ऐकू येईल. प्रत्येक वर्गाला वेगळा चॅनल द्या. इन्फ्रारेड माईकचा सिग्नल भिंतीपलीकडे जात नाही, पण थेट ऊन आलं तर त्यात अडथळा येतो. दोन वर्गांमधली भिंत छतापर्यंत नसेल, तर स्पीकर लावण्याआधी ती पूर्ण करा.

वीज: अर्थिंग तपासून घ्या, वायरी पट्टीतून न्या, पोरांच्या हाताला लागतील अशा सोडू नका. वीज जाणाऱ्या भागात बॅटरीवर चालणारा सेट बरा.

आवाज किती ठेवायचा? एकाने शेवटच्या बाकावर बसावं, दुसऱ्याने सहज बोलावं. शब्द स्पष्ट कळले की तिथेच थांबा. शेजारच्या वर्गात ऐकू येत असेल तर आवाज जास्त झालाय.

आणखी एक गोष्ट. एखाद्या पोराला बाजूला घेऊन काही सांगायचं असेल किंवा वर्गाबाहेर जायचं असेल, तर माईक बंद करायची सवय हवी. नाहीतर खासगी बोलणं सगळ्या वर्गाला ऐकू जातं. जमल्यास पोरांसाठी हातात धरायचा दुसरा माईक घ्या. उत्तर देणाऱ्या पोराचा आवाजही मागच्या बाकापर्यंत जायला हवा.

मार्क वाढतील का?

सरळ उत्तर द्यायचं तर, फक्त माईकच्या भरवशावर राहू नका. ब्रिटनमध्ये प्राथमिक वर्गांवर झालेल्या, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा सेटमुळे मुलांचं ऐकून समजणं सुधारलं, पण वाचन आणि गणित यांसारख्या विषयांच्या चाचण्यांत फरक दिसला नाही. माईक शब्द कानापर्यंत पोचवतो. पुढचं काम शिकवण्याचंच असतं.

श्रवणयंत्र वापरणाऱ्या मुलांनाही एवढं पुरत नाही. त्यांच्यासाठी शिक्षकांचा आवाज थेट यंत्रात सोडणारी वेगळी साधनं असतात, ती श्रवणतज्ज्ञांना विचारून घ्यावीत. आणि माईक लावल्यावरही एखादं पोर सतत "काय?" विचारत असेल, तर त्याचे कान तपासून घ्या.

सेट घ्यायचा विषय शाळा व्यवस्थापन समितीत निघालाच, तर कोटेशन मागवण्याआधी त्या वीस शब्दांच्या चाचणीचा कागद टेबलावर ठेवा. सेट बसल्यावर एका महिन्याने, नव्या शब्दांनी, तीच चाचणी पुन्हा घ्या. पहिल्या आणि शेवटच्या रांगेतला फरक कमी झाला असेल तर पैसे वसूल. नसेल झाला, तर स्पीकरची जागा, पंखे आणि मागची भिंत पुन्हा बघायची. पोराच्या वहीतल्या शेऱ्याचा विचार त्यानंतर.